शाळा ॲडमिशनचा डेटा दाखवत नाही, तेव्हा पालकांनी नेमकं काय मागायचं?

प्रश्न असा आला आहे: मुलगी न्यू जर्सीच्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीत आहे. शाळेत नॅव्हियन्स, म्हणजे कॉलेजच्या अर्जांची नोंद ठेवणारी ऑनलाइन सिस्टिम आहे, पण आईवडिलांच्या लॉगिनमधून त्यातले स्कॅटरग्राम, म्हणजे आधीच्या मुलांचे मार्क आणि निकाल दाखवणारे आलेख, दिसत नाहीत. काउन्सेलर म्हणते, अकरावीच्या हिवाळ्यात उघडतील, तोवर थांबा. ‘गेल्या तीन वर्षांत आपल्या शाळेतून कॉर्नेलला आणि रटगर्सच्या इंजिनिअरिंगला किती जणांनी अर्ज केला, किती जणांना मिळालं आणि किती मार्कांवर,’ एवढंच विचारलं, तर ‘प्रायव्हसी’ असं एका शब्दात उत्तर आलं. वडिलांचं म्हणणं, आम्ही एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, मग हा आमचा हक्क नाही का? आणि नसेल, तर ही माहिती मिळवायची कुठून?

मी न्यू जर्सीतच एका पब्लिक हायस्कूलच्या काउन्सेलिंग ऑफिसात अठरा वर्षं काढली. ज्या खुर्चीतून तुम्हाला ‘प्रायव्हसी’ हे उत्तर मिळालं, त्या खुर्चीत मी बसलेली आहे, आणि तेच उत्तर मीही दिलेलं आहे. कधी योग्य कारणाने, कधी नुसती सुटका म्हणून. आता निवृत्त आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचं बोलायला मोकळी आहे.

तुमच्या एका प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी गुंतल्या आहेत. त्या आधी सोडवू.

पहिली, तुमच्या मुलीची स्वतःची नोंद. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे गुणपत्रक, जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी, घेतलेले कोर्स, शाळेने तिच्याबद्दल ठेवलेली फाइल. 1974 च्या फर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलच्या फेडरल कायद्याने ही पाहण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि मागितल्यापासून 45 दिवसांच्या आत शाळेला ती दाखवावी लागते. मुलगी 18 ची झाली, किंवा त्याआधीच कॉलेजात गेली, की हा हक्क तुमच्याकडून तिच्याकडे जातो. त्यानंतरही ती टॅक्समध्ये तुमची डिपेंडंट असेल तर शाळा तुम्हाला नोंदी दाखवू शकते. ‘शकते’ हा शब्द लक्षात ठेवा. तिथे ‘लागते’ नाही.

दुसरी, दुसऱ्यांच्या मुलांच्या नोंदी. त्या मिळणार नाहीत, आणि मिळू नयेत. नाव खोडून सुद्धा नाही, कारण दोनशे-तीनशे मुलांच्या वर्गात ‘जीपीए इतका, सॅट या प्रवेश परीक्षेत स्कोर इतका, अमुक कॉलेजने नाकारलं’ एवढ्यावरून मूल ओळखता येतं. न्यू जर्सीचे स्वतःचे नियम याबाबतीत आणखी कडक आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे एकत्रित आकडेवारी: किती अर्ज, किती प्रवेश, कोणत्या वर्षी. खरं भांडण इथे आहे. मुलं ओळखता येणार नाहीत अशा रीतीने एकत्र केलेले आकडे द्यायला फर्पाची मनाई नाही. पण द्यायची सक्तीही नाही. म्हणून ‘फर्पामुळे देता येत नाही’ हे उत्तर तुम्हाला मिळालं असेल तर ते अर्धवट आहे. आकडे फार लहान असतील, म्हणजे कॉर्नेलला तीन वर्षांत चारच अर्ज गेले असतील, तर काउन्सेलरचं बरोबर आहे. चाळीस गेले असतील तर ते शाळेचं धोरण आहे, कायदा नाही, आणि धोरणाबद्दल प्रश्न विचारता येतात.

हे सगळं पब्लिक शाळेचं झालं. बहुतेक खाजगी शाळा फेडरल शिक्षण खात्याचा पैसा घेत नाहीत, म्हणून त्यांना फर्पा लागू होत नाही, आणि राज्याचा माहिती अधिकाराचा कायदाही लागू होत नाही. तिथे तुमच्या हाती फी भरताना केलेला करार आणि हेडमास्तरांशी असलेले संबंध, एवढंच.

आता थोडं आपल्याबद्दल. तुमचा प्रश्न वाचताना मला ‘किती मार्कांवर’ या दोन शब्दांपाशी थांबायला झालं. आपली पिढी ‘लिस्ट लागली’ ऐकत वाढली. बारावीचा पीसीएम ग्रुप, कॉलेजच्या फळ्यावरची पहिली लिस्ट, दुसरी लिस्ट, शेवटचा ॲडमिट झालेला पोरगा किती मार्कांवर बंद झाला. आजही सीईटी सेलच्या कॅप राऊंडचा कट-ऑफ उघडला की कॉलेज, शाखा, जीओपनएस किंवा एलओपनएस असा कोड आणि समोर पर्सेंटाइल. त्याच्या वर असाल तर आत, खाली असाल तर बाहेर. त्या यादीवर कितीही राग असला तरी ती सगळ्यांसमोर असते. कुणी नागपुरात बसून पुण्याच्या कॉलेजचा कट-ऑफ वाचतो आणि त्याचा अर्थ दोन्हीकडे एकच लागतो.

त्या सवयीने आपण इथला स्कॅटरग्राम बघतो. आडव्या अक्षावर सॅट, उभ्यावर जीपीए, मध्ये हिरव्या खुणा म्हणजे मिळालं, लाल फुल्या म्हणजे नाही. डोळे आपोआप हिरव्यातली सगळ्यात खालची खूण शोधतात आणि मन म्हणतं, ‘चला, इथे बंद झालं.’ पण तिथे काहीही बंद झालेलं नसतं.

हे कसं ते पुढे सांगते, त्याआधी शाळा हे आलेख का लपवतात याची एक आठवण. माझी मुलं लहान असताना रविवारी मराठी शाळेत जायची. मुलं आत पाढे म्हणत, आणि आम्ही आया बाहेर कॅफेटेरियात थर्मासमधला चहा आणि चिवडा घेऊन बसायचो. एका रविवारी एकीने फोनवर स्क्रीनशॉट काढला. माझ्याच हायस्कूलचा आलेख होता. ‘हा बघ, 1320 आणि तरी हिरवा! हा कोण?’ दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘अगं, तो स्विमिंगवाला.’ मग बोट वर सरकलं. 1560, लाल फुली. थोडा वेळ कोणी बोललं नाही, कारण त्या मार्कांचा मुलगा सगळ्यांना माहीत होता, आणि त्याच्या घरच्यांनी सगळीकडे सांगितलं होतं की आम्ही तिथे अर्जच केला नाही. तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ओतत बसले. त्या मुलाची आई पुढच्या रविवारपासून पोराला गाडीतूनच सोडून जायला लागली.

हे पाहिल्यावर आमच्या ऑफिसने निर्णय घेतला: नववी-दहावीला आलेख बंद, अकरावीच्या जानेवारीत उघडायचे, आणि ठरावीक संख्येपेक्षा कमी अर्ज असतील तर ते कॉलेज दिसणारच नाही. या सगळ्या सेटिंग शाळेच्या हातात असतात. तुमच्या शाळेनेही बहुधा हेच केलंय. या निर्णयाच्या बाजूने मीही बोलले होते.

आज मला तो अर्धा चुकला असं वाटतं. डेटा बंद केला म्हणून तो नाहीसा झाला नाही, तो कुजबुजीत गेला. ज्यांचं मोठं मूल त्याच शाळेतून गेलंय, ज्यांची ओळख आहे, जे तासाला शेकडो डॉलर देऊन खाजगी कन्सल्टंट ठेवतात, त्यांच्याकडे आमच्या शाळेचे गेल्या पाच वर्षांचे निकाल तोंडपाठ असायचे. ज्यांचं पहिलंच मूल, जे नुकतेच या गावात आलेले, जे काउन्सेलरला ‘मॅडम’ म्हणून दाराबाहेर उभे राहायचे, त्यांच्याकडे काही नसायचं. आम्ही मुलांची प्रायव्हसी सांभाळली, हे खरं. पण आलेख बंद करण्याऐवजी साधे तक्ते छापून सगळ्यांना दिले असते, तर प्रायव्हसीही राहिली असती आणि ही दरीही पडली नसती. म्हणून माझा सल्ला असा की स्कॅटरग्रामसाठी भांडू नका, तक्ते मागा. तुमच्या कामाचे तेच आहेत.

तो स्कॅटरग्राम उद्या उघडला तरी तुम्हाला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, ते बघू.

त्यावर ‘कॉर्नेल’ असा एकच आलेख असतो. पण कॉर्नेलला अर्ज विद्यापीठाला होत नाही, त्यातल्या एका कॉलेजला होतो: इंजिनिअरिंग, आर्ट्स अँड सायन्सेस, शेती आणि जीवशास्त्रांचं कॉलेज, आयएलआर म्हणजे कामगार संबंधांचं स्कूल, वगैरे. त्यातली काही न्यू यॉर्क राज्याशी करार असलेली, तिथल्या रहिवाशांना कमी फी असलेली. प्रत्येकाचं निवडीचं गणित वेगळं. तुमची मुलगी इंजिनिअरिंगला अर्ज करणार आणि आलेखावरची हिरवी खूण आयएलआरची, तर त्या खुणेचा तुम्हाला काय उपयोग? रटगर्सचंही तेच. आर्ट्स अँड सायन्सेसला मिळालेला मुलगा, इंजिनिअरिंगला मिळालेली मुलगी आणि सहा वर्षांच्या फार्मसीला नाकारलेला तिसरा, तिघं एकाच आलेखावर शेजारी. इलिनॉय अर्बाना-शँपेनचा कॉम्प्युटर सायन्स किंवा कार्नेगी मेलनचं कॉम्प्युटर सायन्सचं स्कूल यांच्या बाबतीत तर हा घोटाळा फार महागात पडतो, कारण विद्यापीठाचा एकूण आकडा आणि त्या विषयाचा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि आपली निम्मी मुलं नेमकी तिथेच अर्ज करतात.

सॅटचा अक्ष हा दुसरा घोळ. कोविडच्या काळात कॉर्नेलची काही कॉलेजं स्कोर पाठवला तरी बघत नव्हती आणि बाकीची ऐच्छिक म्हणत होती. पण शाळेच्या सिस्टिममध्ये मुलाचा स्कोर असतोच, तो अक्षावर बसतो. म्हणजे 1350 वर दिसणारी हिरवी खूण प्रत्यक्षात ‘स्कोर न दाखवता मिळालं’ अशी असू शकते, आणि आलेख हे सांगत नाही. आता चक्र उलटं फिरलंय. एमआयटीने 2022 मध्येच स्कोर परत मागितला, 2024 मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड या सगळ्यांनी सक्ती परत आणायचं जाहीर केलं, आणि कॉर्नेलनेही 2026 च्या फॉलमध्ये येणाऱ्यांपासून ती लावली. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र सॅट बघतच नाही. म्हणजे पाच वर्षांच्या एकाच आलेखावर तीन वेगळ्या नियमांनी खेळलेले डाव एकत्र मांडलेले असतात. त्यात 29 जून 2023 चा सुप्रीम कोर्टाचा हार्वर्ड प्रकरणातला निकाल, ज्याने वंशाचा थेट विचार बंद केला. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या खुणांचा रंग सारखाच.

अर्ली डिसीजन हा तिसरा. नोव्हेंबरमध्ये ‘मिळालं तर नक्की येईन’ असं लिहून देणारा मुलगा आणि जानेवारीत पंधराव्या अर्जात कॉर्नेल टाकणारा मुलगा यांच्या संधी सारख्या नसतात. काही शाळा हे वेगळं दाखवतात, बऱ्याच दाखवत नाहीत. शिवाय खेळाडू म्हणून आधीच उचललेले, आईवडील त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी असलेले, तिथे नोकरीला असलेले. समजा आलेखावर सहा हिरव्या खुणा आहेत. त्यातल्या दोन खेळाडूंच्या, एक प्राध्यापकाच्या मुलीची, दोन अर्ली डिसीजनच्या. तुमच्या मुलीसारखा अर्ज त्यात एकच उरतो, आणि एका खुणेवरून कसला अंदाज बांधणार?

चौथी गोष्ट फार कमी पालकांना माहीत असते: निकाल भरतं कोण? बहुतेक ठिकाणी मुलं स्वतः. मार्च-एप्रिलमध्ये आम्ही मेलवर मेल पाठवायचो, ‘बाळांनो, निकाल अपडेट करा.’ ज्याला मिळालं तो त्याच रात्री भरतो, सोबत तीन उद्गारचिन्हं. ज्याला नाही मिळालं तो भरतच नाही. आम्ही जूनमध्ये मागे लागून भरून घ्यायचो तेवढं, पण गळती राहायचीच, आणि ती नेहमी लाल बाजूची असायची. म्हणजे आलेख जितका हिरवा दिसतो तितकी ती शाळा हिरवी नसते.

आता प्रश्न उरतो, दहावीत असलेल्या मुलीसाठी आज कोणती माहिती कामाची आहे.

माझ्या मते, स्कूल प्रोफाइल. हा शाळेचा दोन-चार पानांचा कागद प्रत्येक ट्रान्सक्रिप्टबरोबर प्रत्येक कॉलेजला जातो. तो गुप्त नाही, बहुतेक शाळांच्या वेबसाइटवर काउन्सेलिंगच्या पानावर पडलेला असतो, आणि अठरा वर्षांत तो स्वतःहून वाचून आलेले पालक मी दोन हातांच्या बोटांवर मोजू शकते. ॲडमिशन ऑफिसातला माणूस तुमच्या मुलीचा 4.2 नुसता बघत नाही, हा कागद शेजारी ठेवून बघतो. त्यात काय असतं? शाळेत एपी (कॉलेजच्या पातळीचे) किंवा ऑनर्सचे किती कोर्स आहेत, ते कधी घेता येतात, वेटेड जीपीए, म्हणजे कठीण कोर्सला जास्त वजन दिलेला, कसा काढतात, रँक देतात की नाही, आणि बऱ्याचदा जीपीएचं वाटप: 4.3 च्या वर इतकी मुलं, 4.0 ते 4.3 इतकी. शेवटी गेल्या काही वर्षांत मुलं कुठल्या कॉलेजांत गेली त्यांची यादी, कधी आकड्यांसकट.

शाळा ‘आम्ही रँक देत नाही’ म्हणते आणि आपल्याला हायसं वाटतं. पण त्या वाटपाच्या तक्त्यावरून कॉलेजवाला रँक साधारण काढतोच. तुम्हीही काढा. मुलीचा जीपीए त्या तक्त्यात ठेवून बघा, ती वरच्या दहा टक्क्यांत आहे, वीस टक्क्यांत आहे, की मध्यावर. नंतर कोर्सची यादी बघा. तुमच्या शाळेत एपीचं कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सी असेल, इंजिनिअरिंगला जाणारी मुलं ते घेत असतील, आणि तुमची मुलगी अकरावीत स्टॅटिस्टिक्सकडे वळणार असेल, तर आज बोलायचं ते हे. अकरावीची कोर्स निवड दहावीच्या हिवाळ्यातच होते. कॉर्नेलच्या आलेखावर पाच वर्षांपूर्वीचं कोणाचं काय झालं याने त्या निवडीत काहीही फरक पडत नाही.

प्रोफाइलखालोखाल कॉमन डेटा सेट. हा कॉलेज स्वतः दरवर्षी भरतं, बहुतेक कॉलेजं वेबसाइटवर टाकतात. कॉलेजचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ असं शोधलं की मिळतो. त्यातला सी विभाग उघडा. सी1 मध्ये अर्ज, प्रवेश आणि प्रत्यक्ष दाखल झालेले, मुलं आणि मुली वेगळे. इंजिनिअरिंगकडे झुकलेल्या संस्थांत हा फरक बघण्यासारखा असतो. सी2 मध्ये वेटलिस्टवर किती होते आणि त्यातून किती उचलले. सी7 मध्ये कशाला किती वजन: कोर्सची कठीणता, जीपीए, शिफारसपत्रं, माजी विद्यार्थ्यांशी नातं, राज्याचं रहिवासीपण. सी9 मध्ये स्कोर, आणि तिथे स्कोर पाठवलेल्यांचं प्रमाण आधी बघा. निम्म्यांनीच पाठवला असेल तर तो आकडा वरच्या निम्म्यांचा आहे. सी21 मध्ये अर्ली डिसीजनचे अर्ज आणि प्रवेश. सी1 मधून ते वजा केले की साध्या फेरीचा खरा दर हातात येतो, आणि तो वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या दरापेक्षा कमीच निघतो. ही वजाबाकी तुमच्या मुलीला करू द्या. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि स्वतः केलेल्या हिशेबावर मुलांचा विश्वास आपल्या सांगण्यापेक्षा जास्त बसतो.

तुमच्या राज्याची आणखी एक सोय आहे. न्यू जर्सीचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट काढतं. त्यात पास झालेल्यांपैकी किती जण दोन वर्षांच्या आणि किती जण चार वर्षांच्या कॉलेजात गेले ते मिळतं. कॉलेजांची नावं नसतात, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला फारसा उपयोग नाही, पण घर घेताना शाळांची तुलना करणाऱ्यांना आहे.

राज्य बदललं की चित्र किती बदलतं, हेही सांगते, कारण हाच प्रश्न मला बे एरियातले आणि ऑस्टिनचे लोकही विचारतात. कॅलिफोर्नियात असाल तर भांडायचं कारणच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ स्वतःच इन्फॉर्मेशन सेंटरच्या पानावर प्रत्येक हायस्कूलचे आकडे देतं: बर्कलीला तुमच्या शाळेतून किती अर्ज, किती प्रवेश, किती दाखल, जीपीए किती. फार लहान आकडे झाकलेले असतात, आणि विषयवार फोड तिथेही मिळत नाही. पण तिथल्या आकड्यांना कुलूप नाही, एवढं नक्की. टेक्सासची गोष्ट आपल्या कट-ऑफच्या सगळ्यात जवळची. 1997 च्या कायद्याने शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांना राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश. यूटी ऑस्टिनला मात्र ही रेघ वर सरकत गेली, आणि 2026 च्या फॉलपासून ती वरच्या पाच टक्क्यांवर आहे. तिथे पालकाने फक्त रँक विचारावा, बाकी आलेख बाजूला ठेवावा. पण तो प्रवेश विद्यापीठाचा आहे, कॉम्प्युटर सायन्सचा किंवा इंजिनिअरिंगचा नाही. हे कळायला बऱ्याच घरांत एप्रिल उजाडतो.

पुन्हा न्यू जर्सी. एवढं करूनही काउन्सेलरने तक्ता दिला नाही, तर ओप्रा आहे, म्हणजे ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट. डिस्ट्रिक्टच्या रेकॉर्ड कस्टोडियनला लेखी अर्ज करायचा, सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण एक मेख आहे: या कायद्याखाली असलेले कागद मागता येतात, तुमच्यासाठी नवा अभ्यास करून द्यायला त्यांना भाग पाडता येत नाही. म्हणून ‘माझ्यासाठी तीन वर्षांचं विश्लेषण करा’ असा अर्ज केला की नकार ठरलेला. ‘गेल्या तीन वर्षांत स्कूल बोर्डापुढे कॉलेज प्रवेशांबद्दल जी सादरीकरणं आणि अहवाल ठेवले, त्यांच्या प्रती द्या’ असं लिहिलं तर बऱ्याचदा काहीतरी हाती लागतं, कारण कुठल्याही डिस्ट्रिक्टला बोर्डापुढे कधी ना कधी हे मांडावंसं वाटतंच. 2024 मध्ये या कायद्यात बदल झालेत, तेव्हा अर्जाचा चालू फॉर्म डिस्ट्रिक्टच्या साइटवरूनच घ्या.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर ओप्रा शेवटी. ही धमकी नसून तुमचा अधिकार आहे हे खरं, पण त्याच ऑफिसातली तीच काउन्सेलर पुढच्या वर्षी तुमच्या मुलीचं शिफारसपत्र लिहिणार आहे. ती सूड घेईल असं मी म्हणत नाही. मी अठरा वर्षांत तसं कोणी करताना पाहिलं नाही. पण काउन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे 250 मुलांची आहे आणि प्रत्यक्षात बहुतेक राज्यांत त्याहून जास्त असतात. तिच्या हातातला वेळ तुमच्या मुलीला ओळखण्यात जावा की तुमच्या अर्जाच्या फाइलीत, एवढाच प्रश्न आहे. त्यापेक्षा चार-पाच घरांनी मिळून पीटीओ, म्हणजे पालक-शिक्षक संघटनेमार्फत ‘तक्ता सगळ्यांना द्या’ अशी मागणी केली तर ती वैयक्तिक राहत नाही, आणि ज्यांना विचारायचा धीर होत नाही त्यांनाही मिळते. स्कूल बोर्डाच्या सभेत पब्लिक कॉमेंटला दोन-तीन मिनिटं मिळतात. एक शांत माणूस उभा करा, चिडलेला नको.

पैशाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण एक ओळ. कोणत्याच आलेखावर फी नसते. 2011 पासून फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवणं बंधनकारक आहे. कॉर्नेल आणि रटगर्स, दोन्हीचा आजच भरून बघा. इथल्या आपल्या बऱ्याच घरांत मेमध्ये होणारी भांडणं दहावीतच होऊन गेली तर बरी.

काउन्सेलरला मेल करायचीच तर ती अशी असावी: “आम्हाला कोणा एका मुलाची माहिती नको आहे. गेल्या तीन वर्षांत आपल्या शाळेतून कॉर्नेल आणि रटगर्स-न्यू ब्रन्सविकला एकूण किती अर्ज गेले, किती प्रवेश मिळाले, आणि जमल्यास त्यात इंजिनिअरिंगचे व कॉर्नेलच्या अर्ली डिसीजनचे किती, एवढे एकत्रित आकडे मिळू शकतील का? पाचपेक्षा कमी असतील तर ‘पाचपेक्षा कमी’ एवढंच लिहिलंत तरी चालेल. स्कॅटरग्राम कधी उघडतात आणि त्यात किती वर्षांचा डेटा असतो, हेही कळवावं. शिवाय अकरावीच्या कोर्स निवडीबद्दल वीस मिनिटं भेटायचं आहे.” ‘पाचपेक्षा कमी’ हे वाक्य विसरू नका, ‘प्रायव्हसी’ या उत्तराची वाट तिथेच बंद होते. शेवटी मागितलेल्या भेटीला ती कधीच नाही म्हणणार नाही, आणि आकड्यांबद्दलही समोरासमोर ती मेलपेक्षा जास्त बोलेल. मी बोलायचे.

आणि पाठवायच्या आधी मेल मुलीला दाखवा, तिला सीसीमध्ये ठेवा. तिच्या लॉगिनमध्ये काय दिसतं ते तुम्ही अजून तिला विचारलेलं नाही, असं तुमच्या प्रश्नावरून मला वाटलं.